आमची पाहुणी कशी आहे?

डाव्या जबड्याच्या कोनाखाली, कानाच्या पाळीपासून साधारण तीन बोटं अंतरावर, एक गाठ होती. दाबली तर दुखत नव्हती. कातडीखाली किंचित सरकत होती. दाढी करताना पातं तिथे जरासं अडखळलं, म्हणून ती कळली. पहिल्या रविवारी ती नऊ मिलिमीटर भरली.

मोजली ती चष्म्याच्या काचेची जाडी बघायच्या मापकाने. ज्याच्या मानेला ती गाठ होती, त्याचं कामच काचांचं होतं. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत बसून तो काचा घासायचा, फ्रेमच्या आकारात उतरवायचा आणि खोबणीत बसवायचा. घासायच्या चाकावर दिवसभर पाण्याची बारीक धार पडत असे, त्यामुळे त्याच्या उजव्या हाताची बोटं कायम सुरकुतलेली असायची. दुकानाचे मालक त्याला 'मिलिमीटर' म्हणायचे. काच अर्ध्या मिलिमीटरनेही इकडेतिकडे झाली तर तो ती बाजूला ठेवून नवी घ्यायचा, आणि मालक गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमच्या मिलिमीटरने नापास केली म्हणजे ती नापास. मी मालक असून माझं काही चालत नाही."

पुढच्या रविवारी गाठ नऊच होती, तिसऱ्या रविवारी अकरा. आकडे तो चष्म्याच्या एका जुन्या नंबरकार्डाच्या मागे लिहून ठेवत होता, तारखेसकट. दहाव्या रविवारपर्यंत सतरा झाले. या मधल्या काळात त्याच्या पट्ट्याला दोन भोकं आत जावं लागलं, आणि सकाळी उठल्यावर बनियन पाठीला चिकटलेलं असायचं. हे सगळं त्याच्या लक्षात येत होतं. त्याने ते कोणालाही सांगितलं नाही.

न सांगण्याचं कारण त्याच्या पोटात होतं, उजव्या बाजूला, खालच्या अंगाला.

दीड वर्षापूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यावर त्याच्या ताईने त्याला आपली एक दिली होती. आईवडील कधीच गेले होते. त्याने लग्न केलं नव्हतं. आधी जमलं नाही, आणि मग आजारी माणसाला कोण विचारणार. ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. चव्वेचाळीस वर्षांच्या त्या माणसाला 'छोट्या' म्हणणारी जगात ती एकटीच उरली होती. डॉक्टरांनी नातेवाइकांची यादी मागितली तेव्हा यादीत एकच नाव होतं, आणि ताईने पुरता विचार करायच्या आत होकार दिला होता.

शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी भाऊजी त्याच्या खाटेशी आले. बायकोची अवस्था बघून त्यांचा चेहरा उतरला होता, पण गप्प बसणं त्यांना कधी जमलं नाही. ते म्हणाले, "आमची पाहुणी तुमच्याकडे राहायला आलीय, नीट नांदवा हं तिला." सगळे हसले, टाके दुखत असताना तोही हसला. त्या दिवसापासून किडनीचं नाव पाहुणी पडलं.

नाव गमतीचं होतं, पण ते चिकटलं. फोनवर भाऊजींचा पहिला प्रश्न, "आमची पाहुणी कशी आहे?" भाचीचाही तोच. ताईच्या शेजारणीसुद्धा तसंच विचारायच्या. क्रिएटिनिन नावाच्या तपासणीचा आकडा घरात सगळ्यांना पाठ होता. किडनी रक्त किती साफ करते हे त्यावरून कळतं, आणि मुलाचे मार्क विचारावेत तसा तो दर महिन्याला विचारला जाई. एक पूर्णांक एक आला की भाऊजी म्हणत, "शाब्बास." एकदा एक पूर्णांक तीन आला होता. "पाणी कमी पिता वाटतं? वस्तू कोणाची आहे, लक्षात आहे ना?" असं भाऊजी हसत हसतच म्हणाले होते. पण त्या महिन्यात त्याने पेल्यावर खुणा करून मोजून पाणी प्यायलं. एखाद्या संध्याकाळी फोन ठेवल्यावर त्याच्या ध्यानात येई, की पाच मिनिटं आपण बोललो, पण आपल्याबद्दल काहीच बोलणं झालं नाही. मग तो खोलीतला दिवा लावी, गोळ्यांच्या डबीतला त्या दिवसाचा कप्पा उघडी आणि भिंतीकडे तोंड करून गोळ्या घेई. त्या खोलीत दुसरी खुर्ची नव्हती. कधी लागली नव्हती.

दवाखान्यातही तेच झालं. तपासणीआधी सिस्टर एक छापील कागद भरून घेत. ताप? घाम? वजन कमी? कुठे गाठ? एकदा त्याने उत्तरादाखल, "पाहुणी मजेत आहे," म्हटलं होतं. सिस्टरना ते इतकं आवडलं की पुढे त्या स्वतःच विचारू लागल्या, "काय, पाहुणी मजेत?" तो मान हलवायचा. सगळ्या चौकटींत 'नाही' लिहिलं जायचं. तो खोटं बोलत नव्हता. किडनी मजेतच होती. प्रश्न किडनीबद्दल होता, आणि उत्तरही किडनीबद्दलच होतं.

अकराव्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी त्याला बघितलं. किडनीच्या त्या डॉक्टर उंच, हळू आवाजाच्या, साठीला आलेल्या. आकडे बघून झाल्यावर त्यांनी कागद बाजूला सारला आणि म्हणाल्या, "इतक्या उकाड्यात वरचं बटण का लावलंय?"

त्याने बटण काढलं. त्यांनी दोन्ही हातांनी त्याची मान तपासली, मग काखा, मग जांघा. किती दिवस झाले, असं विचारल्यावर त्याने खिशातून ते कार्ड काढून त्यांच्यासमोर ठेवलं. अकरा तारखा, अकरा आकडे. शेवटचा एकोणीस.

डॉक्टरबाईंनी ते कार्ड वरपासून खालपर्यंत वाचलं. इतकं व्यवस्थित लिहून ठेवलंत आणि दाखवलं का नाहीत, असं त्यांनी विचारलं. त्याला जे उत्तर सुचलं ते खरं होतं. "मोजत होतो, म्हणजे लक्ष देतोय असं वाटत होतं."

गाठीचा तुकडा तपासायला काढायचा होता. त्या दिवशीच्या कागदावर 'जवळचे नातेवाईक' अशी ओळ होती. त्याने तिथे ताईचा फोन नंबर लिहायला घेतला, चार आकड्यांनंतर खोडला आणि दुकानाचा नंबर दिला. मालकांना दाताचं काम आहे म्हणून सांगितलं. मानेवरची पट्टी बघून ते म्हणाले, "दात काढायला मानेतून गेले की काय?" तो हसला, आणि कॉलर वर करून चाकापाशी बसला.

आठ दिवसांनी निकाल आला. डॉक्टरबाईंनी दार लावून घेतलं आणि तो काय आहे ते सांगितलं. लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कर्करोग, आणि त्याच्या मुळाशी एक विषाणू. त्यांनी त्याला घाईघाईने धीर दिला नाही, घाबरवलंही नाही. हा विषाणू फार साधा आहे, त्या म्हणाल्या. बहुतेक माणसांना तो लहान वयातच गाठतो. घसा दुखतो, ताप येतो, पुष्कळांना तेवढंही होत नाही. पण एकदा आला की तो जात नाही. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींमध्ये जन्मभर गप्प पडून राहतो, कारण शरीराचे पहारेकरी त्याच्यावर नजर ठेवून असतात. नव्या किडनीला शरीराने परकी समजून हाकलू नये, म्हणून याच पहारेकऱ्यांना आपण रोज गोळ्या देऊन गुंगीत ठेवतो. मग क्वचित कोणाच्या बाबतीत विषाणू असलेल्या त्या पेशी वाढत सुटतात. त्यांना अडवणारं कोणी जागं नसतं.

"तुम्हाला हा विषाणू आधी झालेला नव्हता," त्या म्हणाल्या. "तुमच्या ताईंना होऊन गेला होता. ऑपरेशनआधीच्या तपासणीत दोन्ही लिहिलेलं आहे, आणि तेव्हा मी तुम्हाला ते सांगितलंही होतं. म्हणूनच गाठ आली, ताप आला तर लगेच सांगा म्हणत होते."

त्याला आठवलं. त्या दिवसांत त्याला इतकं काही सांगितलं गेलं होतं. "म्हणजे हा ताईकडून आला?"

"बहुधा किडनीबरोबर आला. यात चूक कोणाचीच नाही. निम्म्याहून कितीतरी जास्त जग तो अंगात घेऊन फिरतंय."

पुढचं त्याला अपेक्षित नव्हतं. औषध म्हणजे काहीतरी द्यायचं असतं अशी आपली समजूत. इथे पहिला उपाय काढून घेण्याचा होता. पाहुणीला सांभाळणाऱ्या गोळ्यांपैकी एक पूर्ण बंद करायची, दुसरी निम्म्यावर आणायची आणि पहारेकऱ्यांना जागं होऊ द्यायचं. काही जणांची गाठ तेवढ्यानेच ओसरते. नाही ओसरली तर पुढची इंजेक्शनं आहेत. पण जागे झालेले पहारेकरी विषाणूवर जातील तसे किडनीवरही जाऊ शकतील.

किडनी जाईल का, असं त्याने विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, पुष्कळांची टिकते, काहींची जाते, आधी सांगता येत नाही. गेली तर डायलिसिस आहे, आणि काही वर्षांनी पुन्हा विचार करता येतो. गोळ्या आहेत तशाच ठेवल्या तर मात्र गाठ थांबणार नाही.

"ताईला विचारून सांगतो," तो म्हणाला.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "किडनी कोणाची आहे?"

"ताईची."

"ऑपरेशनच्या दिवशी सकाळपर्यंत होती. त्यानंतर ती तुमच्या रक्तावर जगतेय. तुम्ही एखाद्याची वस्तू सांभाळायला घेतल्यासारखे वागताय. तडा गेलाय हे सांगायची भीती वाटते म्हणून झाकून ठेवताय. पण वस्तू अजून धड आहे हो, तडा तुम्हाला गेलाय. आणि तुम्ही गेलात तर ती मागे एकटी राहणार आहे का?"

डॉक्टरबाई शांतपणे पुढे म्हणाल्या, की या खुर्चीत बसून त्यांनी हे पुष्कळदा पाहिलंय. भावाची, बायकोची, आईची किडनी घेतलेली माणसं ताप लपवतात, गाठ लपवतात. आपल्यामुळे देणाऱ्याचं वाया गेलं असं कोणी म्हणू नये म्हणून. ज्याला ती कृतज्ञता समजतात, ती प्रत्यक्षात भीती असते. मग म्हणाल्या, ताईंना जरूर सांगा, पण निर्णय तुमच्या तोंडून हवा, तुमच्या होकाराशिवाय मी गोळी हलवणार नाही. एक आठवडा, त्याहून जास्त नाही.

आठवड्याचे दोन आठवडे झाले. पहिल्यांदा फोन केला तेव्हा भाऊजींनी उचलला आणि पाहुणीची चौकशी केली. त्याने एक पूर्णांक एक सांगितलं, शाब्बासकी घेतली आणि फोन ठेवला. दुसऱ्यांदा ताईने उचलला. मागे नळ वाहत होता. तिनेही आकडा विचारला, त्यानेही सांगितला. तिला काहीतरी म्हणायचं असावं असं त्याला वाटलं, पण ती म्हणाली, "बरं मग, ठेवते." तिसऱ्यांदा त्याने संदेश लिहिला, 'ताई, तुझी किडनी कदाचित', आणि पुसून टाकला. दरम्यान सिस्टरचा दोनदा फोन आला. दुसऱ्या वेळी त्या पाहुणीचं काही बोलल्या नाहीत. डॉक्टरबाई शुक्रवारी वाट बघताहेत, एवढंच म्हणाल्या.

गुरुवारी दुपारी ताई स्वतःच दुकानात आली.

जवळचं वाचता येत नव्हतं तिला. वर्तमानपत्र धरायला हात पुरेनासे झाले होते. मालक उठून उभे राहिले. "या, या! अहो, तुमच्यासारखी बहीण मिळायला नशीब लागतं. देवमाणूस आहात तुम्ही." ताई ओढून ताणून हसली. मालकांनी तिचा नंबर काढला, फ्रेम पसंत करून घेतली, आणि आता आमचा मिलिमीटर माप घेईल म्हणून जेवायला निघून गेले.

दोन बुबुळांमधलं अंतर मोजताना माप घेणाऱ्याला समोर बसावं लागतं, हातभर अंतरावर, डोळे डोळ्यांच्या पातळीत. मोजपट्टी नाकावर टेकवायची. समोरच्याने आधी आपल्या एका डोळ्यात बघायचं, मग दुसऱ्या. दुसरीकडे बघून हे माप घेता येत नाही. तो दिवसाला पंधरा-वीस अनोळखी माणसांची मापं अशी घेत असे. ताईच्या इतक्या समोर मात्र तो दीड वर्षात बसला नव्हता.

"माझ्या डाव्या डोळ्यात बघ," तो म्हणाला. "हं. आता उजव्या."

एकसष्ट आलं. खात्रीसाठी त्याने पुन्हा घेतलं, तर साठ. तिसऱ्यांदा पट्टी नाकावर ठरेना.

"तू किती बारीक झालायस, छोट्या."

"नाही गं, एक पूर्णांक एक आहे. परवाच..."

"मी आकडा विचारला नाही."

त्याने पट्टी खाली ठेवली. मग त्याने वरचं बटण काढलं आणि सांगायला लागला. आधी गाठ सांगितली, मग कार्डावरचे आकडे, एकट्याने जाऊन काढून आणलेला तुकडा, निकाल. विषाणू कुठून आला ते सांगायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, पण तेही सांगून टाकलं. शेवटी गोळ्यांचं सांगितलं, आणि त्याने काय जाऊ शकतं तेही. त्याला वाटलं, ती रडेल, किंवा डॉक्टरांवर चिडेल. ताईने पुढे होऊन त्याच्या मानेवर हात ठेवला आणि बोटांनी गाठ शोधली. ताप बघावा तसा हात तिथेच राहू दिला.

मग ती बोलली. पाहुणी हा शब्द पहिल्या दिवसापासून तिला टोचत होता, पण सगळे इतके हसत होते की तिने काही म्हटलं नाही. ऑपरेशननंतर चार-पाच महिने तिला जिना चढवत नव्हता. एक कूस कायमची बधिर झाली होती, आणि मधूनच ठणकायची. हे सांगायला गेलं की लोक म्हणायचे, तुमचं केवढं मोठं मन. मोठ्या मनाच्या बाईला कूस दुखते म्हणायची सोय राहत नाही. तिलाही फोनवर आकड्याशिवाय दुसरं काही विचारायचं असायचं. पण त्याला वाटेल, ही हिशेब मागतेय, म्हणून ती आकड्यावरच थांबायची.

"मला कोणी विचारत नाही, तुला कोणी विचारत नाही," ताई म्हणाली. "सगळे तिलाच विचारतात. दोन माणसांपेक्षा ती मूठभर वस्तू मोठी झाली आपल्या घरात."

इथे आपण सगळ्यांनीच क्षणभर थांबायला हवं. आपल्या घरांत, शेजारात, कचेरीत असं कोणी असेल. कोणी अवयव दिलेला असतो, कोणी घेतलेला असतो. देणाऱ्याला आपण देव्हाऱ्यात बसवतो आणि घेणाऱ्याला पहाऱ्यावर उभं करतो. दोघांचीही मग माणूस म्हणून बोलायची वाट बंद होते. असा माणूस भेटला तर आधी तो कसा आहे हे विचारावं, आणि उत्तर ऐकायला थांबावं. आणि ज्याच्या अंगात दुसऱ्याने दिलेलं काही जगतं आहे, त्याने गाठ, ताप, घाम, घटलेलं वजन, काहीही लपवू नये. दिलेल्याचा मान लपवण्याने राहत नाही. देणाऱ्याने दिलं ते माणूस जगावा म्हणून.

ताईने हात काढून घेतला. तिचे डोळे भरले होते, पण आवाज स्थिर होता.

"डॉक्टरबाईंना काय सांगितलंस?"

"तुला विचारून सांगतो म्हणालो."

"मग आता विचारतोयस, की सांगतोयस?"

तो ताईकडे बघत राहिला. समोर बसून, हातभर अंतरावरून. चव्वेचाळीस वर्षांत त्याने तिला विचारल्याशिवाय मोठं असं काही केलं नव्हतं. शाळा, काम, खोली, सगळं विचारून. आणि ती कधी नाही म्हणाली नव्हती. आत्ताही म्हणणार नाही, हे त्याला दिसत होतं. फक्त या वेळी तिचं हो त्याच्या उपयोगाचं नव्हतं, आणि हे तिला त्याच्याआधी कळलं होतं.

"सांगतोय," तो म्हणाला. "उद्यापासून मी गोळ्या कमी करणार आहे, ताई. किडनी गेली तरी. मला जगायचंय."